मागच्या रांगेतले प्लग: अडचणीच्या इंजिनात स्पार्क प्लग कसे बदलावेत

होंडा सिटीच्या जुन्या आयडीएसआय इंजिनात सिलिंडर चार आणि स्पार्क प्लग आठ. प्रत्येक सिलिंडरला दोन. पुढचे चार बॉनेट उघडताच समोर येतात. मागचे चार फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या बाजूला, वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या आड दडलेले असतात. बडोद्यात या गाड्या अजून धावतात, आणि हाताखाली आलेल्यांपैकी बऱ्याच गाड्यांत एकच चित्र दिसतं: पुढचे चार नवेकोरे, मागचे चार कधीचे कोण जाणे. पुढच्यांना अर्धा तास पुरतो आणि मागच्यांना अर्धी सकाळ लागते, म्हणून ते राहून जातात.

हा लेख त्या मागच्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे ओम्नी किंवा ईको आहे, म्हणजे इंजिन पुढच्या सीटखाली, त्यांनाही तो लागू पडेल. साणंदला बनलेली नॅनो असेल तर इंजिन मागच्या सीटच्या पाठीमागे, तिथेही हेच. नंतर गॅस किट बसवलेली कुठलीही गाडी घ्या, पाइप आणि इंजेक्टरची पट्टी नेमकी प्लगच्या रांगेवरून गेलेली सापडेल. मॉडेल कुठलंही असो, वेळ वाट मोकळी करण्यात घालवायचा, प्लगशी झटापट करण्यात नाही. ज्यात प्लग आवळला जातो ते हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, अॅल्युमिनियमचं असतं, प्लगचं कवच पोलादाचं. झटापटीत हार नेहमी अॅल्युमिनियमच्या आट्यांचीच होते, आणि प्लग काही शे रुपयांचा असला तरी आटे गेले की हेड उतरवायची वेळ येऊ शकते.

आधी खात्री करा

गाडी मिसिंग करते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटायचं चुकतं, की प्लगच गेला, असं धरून चालू नका. प्लग झिजल्याची लक्षणं बहुधा अशी दिसतात: सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, अॅव्हरेज हळूहळू उतरतो, आणि लोड आला की झटके बसतात. बडोद्यात गेंडा सर्कलकडून अटल पुलावर वरच्या गियरमध्ये चढताना गाडी अडखळते, पण सपाट रस्त्यावर ठीक वाटते, तर प्लग किंवा त्याला उच्च दाबाची वीज देणाऱ्या कॉइलकडे बोट जातं. स्कॅनर असेल तर कोड वाचा. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, पी-०३०२ दुसऱ्याचं, असं पुढे. पी-०३०० आला तर मिसिंग कुठल्याही एका सिलिंडरला धरून नाही. एकाच सिलिंडरचा कोड येत असेल तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर टाकून पाहा. कोड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा. जागचा हलला नाही तर प्लग पाहावा लागेल, आणि प्लगमध्येही काही निघालं नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन.

आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या भरपूर, म्हणून एक गोष्ट वेगळी सांगतो. गाडी पेट्रोलवर नीट चालते आणि गॅसवर टाकताच झटके खाते, तर लोक थेट किटवाल्याकडे जातात. त्याआधी प्लग पाहा. गॅस आणि हवेचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची टोकं झिजून त्यांच्यातली गॅप वाढली की पेट्रोलवर ठिणगी कशीबशी पडते, गॅसवर चुकते. कॉइलवरही ताण येतो, आणि दुर्लक्ष केलेला प्लग शेवटी कॉइललाही घेऊन जातो. साधे निकेलचे प्लग साधारण वीस ते चाळीस हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे एक लाखाच्या आसपासही जातात. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम समजा, पण रोज गॅसवर चालणाऱ्या गाडीचे प्लग त्याआधीच काढून पाहावेत.

प्लग घेताना

जुन्या प्लगवर किंवा मॅन्युअलमध्ये जो कोड आहे तोच मागा. दुकानदार "हाही चालतो" म्हणाला तर कोड वाचता यायला हवा. उदाहरणार्थ, एनजीके कंपनीचा बीकेआर६ई-११ हा कोड पाहा. बी आणि के मिळून आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर आणि पान्याचा आकार १६ मिलिमीटर. आर म्हणजे आत रेझिस्टर. ६ हा उष्णतेचा क्रमांक. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. शेवटचा ११ म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर. उष्णतेच्या क्रमांकात एक खाच आहे: एनजीकेत आकडा वाढला की प्लग "थंड" जातीचा, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, बॉशमध्ये आकडा वाढला की "गरम" जातीचा. एका कंपनीचा ६ बघून दुसऱ्या कंपनीचा ६ उचलू नका.

आट्यांची लांबी चुकली तर नुकसान मोठं होतं. लांब प्लग पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. आखूड बसवला तर हेडचे उघडे राहिलेले आटे काजळीने भरतात आणि पुढे बरोबर लांबीचा प्लगही बसत नाही. रेझिस्टर नसलेला प्लग लावला तर रेडिओत खरखर येते आणि इंजिनच्या कॉम्प्युटरलाही त्रास होऊ शकतो.

नकली माल बाजारात आहे. खात्रीच्या दुकानातूनच घ्या. डबीतून काढून पाहा: चिनी मातीवरची छपाई स्वच्छ आहे का, मधलं टोक बरोबर मध्यावर आहे का, वरचं वाकडं टोक नेमकं त्याच्यावर येतं का, वॉशर सैल फिरतो पण गळून पडत नाही ना. डबीसकट खाली पडलेला प्लग घेऊच नका. मातीतला केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही, गाडी चालू केल्यावर दिसतो.

हत्यारं

मुख्य हत्यार म्हणजे प्लगची गोटी, म्हणजे प्लगवर टोपीसारखा बसणारा पाना, आत रबर किंवा चुंबक असलेला. बहुतेक गाड्यांना १६ मिलिमीटरची लागते, काही नव्या इंजिनांना पातळ भिंतीची १४ची. रॅचेट ३/८ इंची घ्या, जितक्या बारीक दातांचं तितकं बरं. ७२ दातांच्या रॅचेटला एका टकीसाठी पाचच अंश सरकावं लागतं. फायरवॉल आणि इंजिनमध्ये जिथे दांडा जेमतेम हलतो तिथे हा फरक फार मोठा ठरतो.

एक्स्टेन्शन, म्हणजे गोटी आणि रॅचेटमधले जोडदांडे, तीन ठेवा: ७५, १५० आणि २५० मिलिमीटर. एकच लांब असलं तर वर काही ना काही आडवं येतं. लहान तुकडे जोडत जोडत खाली उतरवता येतात. युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनात वाकणारा सांधा, लागतोच, पण तो कुठे लावायचा याकडे लक्ष द्या. प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग ज्याच्या तळाशी असतो त्या खोल भोकात, जाणारा भाग सरळच हवा. जॉइंट विहिरीच्या तोंडावर किंवा त्याच्या वर येईल असा जोडा. गोटीला चिकटून लावला तर जोर तिरका जातो आणि प्लगची माती तडकते. जॉइंट लुळा पडून त्रास देत असेल तर त्याच्याभोवती टेपचे दोन वेढे मारा, थोडा ताठ होतो आणि वाकायचाही राहतो.

गोटी आणि एक्स्टेन्शनच्या सांध्यालाही एक वेढा टेप लावा. आतलं रबर प्लगला असं घट्ट धरतं की एक्स्टेन्शन वर येतं आणि गोटी विहिरीतच राहते. अरुंद जागेत ती बाहेर काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. लॉक असलेलं एक्स्टेन्शन मिळालं तर टेपचीही गरज नाही.

याशिवाय टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणारा पाना), फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), डोक्याला बांधायचा दिवा, हवा मारायला ब्लोअर किंवा कॉम्प्रेसर, लांब चिमटा, टोकाला चुंबक असलेली दांडी, विजेच्या जोडांसाठीचं सिलिकॉन ग्रीस, आणि हातभर रबरी नळी. पेट्रोलच्या पाइपची नळी चालते, आतून प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल एवढी. ही नळी या सगळ्यांत स्वस्त आहे आणि आटे वाचवायला सर्वांत जास्त उपयोगी पडते. फोनचा कॅमेरा आरशासारखा वापरता येतो. पेनासारखा छोटा एंडोस्कोप कॅमेरा असेल तर विहिरीचा तळ नीट दिसतो.

वाट मोकळी करणं

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम हेडमधून प्लग फिरवला तर आटे ओरबाडून निघतात. मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात उभी राहिलेली गाडी संध्याकाळीही आतून गरमच असते, म्हणून रात्रभर सावलीत उभी केलेली गाडी सकाळी हाती घ्या. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा. ऑडिओला कोड लागत असेल तर तो आधी लिहून ठेवा.

सीएनजी असेल तर गॅसच्या टाकीवरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा. टाकीतला दाब पूर्ण भरल्यावर २०० बारच्या घरात असतो. प्लगच्या वाटेत जाड भिंतीचा पोलादी गॅस पाइप येत असेल तर त्याला हात लावू नका. तो सोडून पुन्हा जोडणं हे अधिकृत किट सेंटरचंच काम, त्यात वाद नको. इंजेक्टरची पट्टी ब्रॅकेटसकट थोडी बाजूला सरकत असेल, एकही नळी न उघडता, तर ठीक.

आता एकेक आडवा अडथळा. काढण्याआधी फोटो काढा, काढल्यावर पुन्हा काढा. एका पुठ्ठ्यावर इंजिनचा ढोबळ आराखडा काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवा. लांबीने वेगळे असलेले दोन बोल्ट अदलाबदल झाले तर लांब बोल्ट आत कशाला तरी जाऊन टेकतो.

सगळ्यात आधी एअर फिल्टरचा डबा आणि त्याची नळी काढा. बऱ्याच गाड्यांत एवढ्यानेच हात पोचतो. थ्रॉटलचं उघडं तोंड स्वच्छ कापडाने झाका आणि ते कापड रंगीत घ्या, म्हणजे शेवटी विसरणार नाही.

इंजिन काचेखाली शिरलेलं असेल तर वायपर आणि त्याखालचं प्लॅस्टिक काढावं लागतं. वायपर काचेवर जिथे टेकलेले आहेत तिथे आधी मास्किंग टेप लावा. नाहीतर बसवताना कोन चुकतो आणि पहिल्याच पावसात वायपर काचेच्या कडेवर आपटतो. नट काढल्यावर दांडी दात्यांवर अडकलेली असते. हळूहळू डावी-उजवी हलवत सोडवा, काचेवर टेकवून पान्याने उचकटू नका. प्लॅस्टिकच्या क्लिपा उन्हाने ठिसूळ झालेल्या असतात, दोन-चार तुटणारच, नव्या आधीच आणून ठेवा.

हे प्लॅस्टिक निघालंच आहे तर त्याखालची पाणी जायची भोकं साफ करा. कडुनिंबाची पानं साठून ती बुजतात, पावसाचं पाणी तुंबतं आणि कडेवरून थेट मागच्या कॉइलवर ठिबकतं. पावसाळ्यात दर वर्षी मिसिंग सुरू होणाऱ्या गाडीत हे कारण अनेकदा सापडतं, आणि ते दूर केलं नाही तर नवे प्लगही पुढच्या जुलैत तसेच होतील.

काही इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डच, म्हणजे हेडमध्ये हवा नेणाऱ्या नळ्यांचा संच, प्लगवरून गेलेला असतो. तो काढायचा तर नवं गॅस्केट हाताशी असल्याशिवाय सुरू करू नका. हेडची उघडी पडलेली प्रत्येक वाट कापडाने बुजवा आणि किती कापडं घातली ते पुठ्ठ्यावर लिहा. त्या वाटेतून पडलेला नट थेट व्हॉल्व्हवर जातो.

ओम्नी-ईकोत सीट उचलून झाकण काढल्यावर वरून थोडी जागा मिळते. तिथे गुडघा टेकवायला जाड उशी घ्या आणि दिवा समोरच्या बाजूने लावा. दिवा मागून असला तर आपलीच सावली विहिरीवर पडते. नॅनोत मागच्या सीटची पाठ पाडून इंजिनचं झाकण उघडावं लागतं. दोनच सिलिंडर असल्याने काम लवकर उरकतं.

कॉइल आणि विहीर

कॉइलचा कनेक्टर ओढण्याआधी किंचित आत दाबा, मग खीळ दाबून बाहेर काढा. उष्णतेने ती खीळ कडक झालेली असते, थेट उचकटली की तुटते. बोल्ट काढल्यावर कॉइल पाव फेरी डावी-उजवी फिरवा, म्हणजे रबराची पकड सुटते, मग सरळ वर उचला. वायर असलेल्या जुन्या गाडीत वायरला ओढू नका, रबरी टोपीला धरा, आणि प्रत्येक वायरवर सिलिंडरचा नंबर लिहा.

शेजारच्या काकांची सिटी अशीच उघडली होती. मागच्या रांगेतली तिसरी कॉइल वर आली, पण तिच्या खालचं रबर प्लगलाच चिकटून विहिरीत राहिलं. दिवा लावून पाहिलं तर प्लगच्या षटकोनावर गंजाचा पोपडा आणि तळाशी वाळलेल्या पाण्याचं पांढरं कडं.

"काका, मागचे प्लग शेवटचे कधी बदलले होते?"

"अरे, दर सर्व्हिसला बदलतातच की. बिलं आहेत माझ्याकडे."

बिलं आणली. प्रत्येकावर लिहिलं होतं: प्लग, ४ नग. गाडीत आठ आहेत हे काकांना कुणी सांगितलंच नव्हतं. गाडी बाहेर देत असाल तर जुने प्लग परत मागा आणि मोजून घ्या.

ते रबर लांब चिमट्याने अख्खं बाहेर काढलं. तुटलं असतं तर त्याचे तुकडे प्लग सुटताना सिलिंडरमध्ये गेले असते. विहीर साफ केल्याशिवाय प्लग सोडायचा नाही, हा नियम पाळाच. हवा मारा, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण सगळी धूळ वर तोंडावर येते. तेल असेल तर दांडीला कापड गुंडाळून टिपून घ्या, आणि टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा विहिरीचं सील गळतंय याची नोंद करा. ते बदललं नाही तर नव्या कॉइलचं रबर तेलात भिजून फुगेल. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीच्या पुरात उभ्या असलेल्या गाड्यांत विहिरीच्या तळाशी बारीक गाळ बसलेला सापडतो. तो वाळून घट्ट झालेला असतो. नुसत्या हवेने निघत नाही, आधी बारीक ब्रशने सैल करून मग हवा मारावी लागते.

प्लग सोडणं

गोटी पूर्ण खाली बसली का, हे हाताने ओळखा. अर्धवट बसलेली गोटी षटकोनाचे कोपरे खाते. एक हात एक्स्टेन्शनच्या डोक्यावर ठेवून ते सरळ उभं धरा, दुसऱ्याने रॅचेट डावीकडे फिरवा. एक टक आवाज येऊन पकड सुटायला हवी. अर्धी फेरी झाली की थांबा आणि पुन्हा हवा मारा, कारण वॉशरखाली दबलेली धूळ आता मोकळी झालेली असते.

पुढे रॅचेट काढून नुसत्या एक्स्टेन्शनने, बोटांनी फिरवा आणि फेऱ्या मोजा. पूर्ण लांबीभर आटे असलेला १९ मिलिमीटरचा प्लग, १.२५ मिलिमीटरचे आटे, म्हणजे पंधराएक फेऱ्या. हा आकडा पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, बसवताना फार कामाला येतो.

प्लग फिरता फिरता जड झाला, किरकिरला, तर जोर वाढवू नका. अर्धी फेरी परत आत घ्या, आटे सैल करणारं तेल दोन-चार थेंब सोडा, पाव तास थांबा. मग थोडं बाहेर, थोडं आत, पुन्हा थोडं बाहेर. हे कंटाळवाणं असतं, पण आट्यांत अडकलेली काजळी अशीच बाहेर येते. तासाभरानेही हलला नाही तर तिथेच थांबा आणि हेडची कामं करणाऱ्या जाणत्या माणसाकडे गाडी न्या. न तुटलेला प्लग काढणं त्याला अवघड नाही, तुटलेला काढणं त्यालाही जड जातं.

जुने प्लग काय सांगतात

काढलेले प्लग अंड्यांच्या ट्रेमध्ये सिलिंडरच्या क्रमाने ठेवा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय किंवा ठिणगी कमजोर आहे. काळा, ओला, तेलकट प्लग म्हणजे तेल आत येतंय. पांढरं फटक टोक, त्यावर फोड किंवा वितळल्याच्या खुणा असतील तर सिलिंडर जास्त तापतोय, आणि त्याचं कारण सापडेपर्यंत नुसता प्लग बदलून गप्प बसू नका. गॅसवर चालणाऱ्या गाडीत टोक एकंदरीत पांढुरकंच दिसतं, त्याने घाबरायचं कारण नाही.

बाहेरच्या पांढऱ्या मातीवर, धातूच्या कवचाला लागून, तपकिरी कडं दिसतं. ते पाहून प्लगमधून गॅस गळतोय असं अनेक जण सांगतात. ते बहुतेक वेळा उच्च दाबाच्या विजेने ओढून घेतलेल्या तेलाच्या कणांचा डाग असतो, त्याने काही बिघडत नाही. मातीवर वरून खाली आलेली बारीक काळी रेघ मात्र गंभीर आहे. वीज टोकापर्यंत न जाता बाहेरून उतरत होती. त्या सिलिंडरच्या कॉइलचं रबर आतून तपासा, तिथेही तशीच रेघ सापडेल, आणि मग रबरही बदला.

नवे बसवणं

गॅप मोजा, डबीवर तयार लिहिलं असलं तरी. साध्या निकेलच्या प्लगमध्ये कमी-जास्त करायची तर फक्त बाहेरचं वाकडं टोक हलवा. इरिडियमच्या सुईसारख्या टोकाला गेज घासू नका, ती ठिसूळ असते. गॅसच्या गाड्यांना काही कंपन्या गॅप थोडी कमी ठेवायला सांगतात. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तरच तसं करा.

आटे कोरडे ठेवा. आजच्या बहुतेक प्लगवर मुलामा असतो, त्यावर ग्रीस किंवा तेल लावायची गरज नाही. लावलं तर घर्षण कमी होतं आणि तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त आवळतो.

आता नळी. प्लगचं वरचं टोक नळीत खोवा आणि नळीने प्लग अलगद विहिरीत उतरवा, आपटू देऊ नका. तळाला टेकला की आधी डावीकडे, उलटं फिरवा. एका ठिकाणी हलकासा खटका जाणवतो, आटे आट्यांच्या तोंडाशी आल्याचा. तिथून उजवीकडे फिरवा. बरोबर लागला असेल तर प्लग लोण्यासारखा आत जातो. तिरका लागला तर प्लग अडतो आणि नळी त्याच्यावर घसरत राहते, तेवढ्या जोरात आटे बिघडत नाहीत. रॅचेटने सुरुवात केली तर हा इशारा हाताला मिळतच नाही. निदान पाच-सहा फेऱ्या नळीनेच घ्या, मग गोटी आणि एक्स्टेन्शन, अजूनही बोटांनीच. बसेपर्यंतच्या फेऱ्या मोजा. काढताना पंधरा होत्या आणि आता आठव्या फेरीलाच घट्ट झाला, तर तो बसलेला नाही. बाहेर काढा, पुन्हा सुरू करा.

बोटांनी पूर्ण टेकल्यावरच टॉर्क रेंच. मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर अॅल्युमिनियम हेडमध्ये वॉशरवाल्या १४ मिलिमीटरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २०. मागच्या रांगेत टॉर्क रेंच अनेकदा मावतच नाही, आणि युनिव्हर्सल जॉइंट तिरका लावून घेतलेला टॉर्क खरा नसतो. तिथे कोन मोजा. रॅचेटच्या डोक्यावर खडूची रेघ मारा. १४ मिलिमीटरचा नवा वॉशरवाला प्लग बोटांनी टेकल्यावर अर्धी ते दोन-तृतीयांश फेरी. आधी वॉशर चेपतोय असं मऊ लागतं, मग हाताला एकदम भक्कम जाणवतं, तिथे थांबा. तोच प्लग पुन्हा बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, फेरीचा बारावा भाग पुरे. वॉशर नसलेल्या, उतरत्या बैठकीच्या प्लगला सोळावा भागच. इतर आकारांसाठी डबीवर आकृती छापलेली असते, ती पाहा.

सैल राहिलेला प्लग जास्त तापतो, कारण त्याची उष्णता बैठकीतूनच हेडमध्ये जाते. जास्त आवळलेल्या प्लगचं कवच ताणलं जातं आणि पुढच्या वेळी तुकडे होतात. एक प्लग पूर्ण बसवूनच दुसऱ्याकडे जा, म्हणजे हलका टेकवलेला एखादा तसाच राहून जात नाही.

बंद करताना

कॉइलच्या रबराच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचं बारीक बोट फिरवा. पुढच्या वेळी रबर चिकटणार नाही आणि पाणीही आत जाणार नाही. कॉइल सरळ दाबा, प्लगवर बसल्याचं हाताला कळतं. बोल्ट हलका आवळा, कारण कॉइलचं प्लॅस्टिक तडकतं. कनेक्टर टक वाजेपर्यंत घाला आणि हलकेच ओढून पाहा. वायर असतील तर नंबरांप्रमाणेच लावा, अदलाबदल झाली तर इंजिन फटाके वाजवतं.

मग पुठ्ठा समोर घ्या. बोल्ट सगळे गेले का, कापडं मोजून बाहेर आली का, गोटी पेटीत परत आहे का. थ्रॉटलवरचं रंगीत कापड काढलं का. बॅटरी जोडा, सीएनजी व्हॉल्व्ह अजून बंदच ठेवा, आणि आधी पेट्रोलवर सुरू करा. बॅटरी सुटल्याने आयडलिंग थोडा वेळ वर-खाली होईल, काही मिनिटांत स्थिरावेल. फुस्स असा लयीत आवाज येत असेल तर एखादा प्लग सैल आहे. लगेच बंद करा आणि थंड होऊ द्या.

पेट्रोलवर इंजिन स्थिर झालं की व्हॉल्व्ह उघडा. गॅसची कुठलीही नळी हलवलेली असेल तर जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा. बुडबुडा आला तर व्हॉल्व्ह पुन्हा बंद करून किट सेंटरला न्या. नाही आला तर गॅसवर टाका, एक चक्कर मारा आणि चढावर वरच्या गियरमध्ये लोड देऊन पाहा. घरी आल्यावर सर्व्हिसच्या वहीत तारीख, किलोमीटर, प्लगचा पूर्ण कोड आणि नग लिहा. आयडीएसआय असेल तर "पुढचे ४, मागचे ४" असं वेगवेगळं लिहा.